डाव्या कोपऱ्याची कॅप्टन

गिऱ्हाइकाच्या ऑफिसात शिरण्याआधी ती दारातच वाकायची. उजव्या हाताची बोटं उंबऱ्याला लावायची आणि मग कपाळाला. हल्लीच्या काचेच्या दारांना उंबरा नसतोच, तेव्हा फरशीला. महापे-तुर्भ्याच्या कंपन्यांमधले वॉचमन या प्रकाराने गडबडून जायचे.

"मॅडम, कुछ गिरा क्या?"

"काय नाय पडलं, भाऊ. मैदान हाय ना," असं म्हणून ती आत. मागून मी, हातात सॅम्पलची पिशवी आणि तोंडावर 'आम्ही दोघं एकत्र नाही' असा भाव घेऊन.

आम्ही सेफ्टी शूज विकायचो. कारखान्यात, गोदामात पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून पुढे पोलादी टोपी बसवलेले ते जड बूट. ही वस्तू कुणालाच हौसेने नको असते. कामगाराला ती जड वाटते, मालकाला महाग वाटते, आणि अधल्यामधल्या खरेदी अधिकाऱ्याला आमच्यासारखी माणसंच नको वाटतात. अशा धंद्यात ती पहिल्या नंबरची विक्रेती होती.

ती बोनकोड्याची. कोपरखैरण्याच्या इमारतींच्या मधोमध ते जुनं गाव आहे. तिच्या आजोबांची शेती जिथे होती तिथे आज मी दुसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो, असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "भात पिकायचा तिथं. आता तुमी लोक पिकलात." जिल्ह्याच्या महिला कबड्डी संघाची ती कॅप्टन होती, डाव्या कोपऱ्यात खेळायची. खेळताना गुडघा गेला आणि खेळ सुटला. पण ऑफिसात तिला सगळे कॅप्टनच म्हणायचे. मीही. माझ्याहून ती दहा-बारा वर्षांनी लहान, पण हुद्द्याने वर. समोर मी तिला 'तुम्ही' म्हणायचो. इथे 'ती' म्हणतोय ते वयाच्या हक्काने.

तिने मात्र मला पहिल्या तासापासून 'तू' म्हटलं. मी जरा आखडलो, तर म्हणाली, "मैदानात 'तुमी' नसतं. 'अहो, जरा धरता का त्याला' म्हणेपर्यंत तो रेषेपार."

मी विक्रीत कसा आलो, तेही सांगायला हवं. मी मूळचा साताऱ्याकडचा. चौदा वर्षं याच कंपनीच्या डिस्पॅचमध्ये मालाची चलनं बनवत होतो. मग एक सॉफ्टवेअर आलं आणि माझं काम ते चहा न पिता करू लागलं. शेठनी मला बोलावून दोन पर्याय दिले: विक्री किंवा घर. मी घरी विचारलं. बायको म्हणाली, "तुम्ही विकणार? तुम्हाला रद्दीवालासुद्धा गुंडाळतो." ती खोटं बोलत नव्हती, पण घराचे हप्ते चालू होते, म्हणून मी विक्री घेतली.

नेमकं त्याच सुमारास शेठच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. सांघिक खेळ खेळलेली माणसं उत्तम विक्रेते होतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्यांनी एकदम तीन खेळाडू भरले. पहिला क्रिकेटवाला. तो गिऱ्हाइकासमोर नुसता बसून राही. म्हणे, खराब चेंडूची वाट बघतोय. दोन आठवड्यांत शेठनी त्याला घरी पाठवलं. दुसरा फुटबॉलवाला. गिऱ्हाइकाने जरा आवाज चढवला की हा कळवळून आडवा व्हायचाच बाकी राही. तोही गेला. तिसरी ही. ही टिकली, आणि तिच्या हाताखाली मला टाकलं.

शेठनी माझीही चौकशी केली होती. "तुम्ही कुठला खेळ खेळलात?"

"कॅरम," मी म्हणालो.

 शेठ आशेने म्हणाले, "डबल्स?"

तिची शिकवण्याची पद्धत अशी की, रोज सकाळी नऊ वाजता ऑफिसच्या मागच्या पार्किंगमध्ये मला उभं करायचं आणि बुटाची सगळी वैशिष्ट्यं एका दमात म्हणायला लावायची. पोलादी टोपी, तेलावर न घसरणारा सोल, आतून जाळीचं अस्तर, सहा महिन्यांची हमी, सगळं. मध्ये श्वास घेतला की बाद. मी "जाळीचं अस्तर" पाशी निळा पडायचो. एकदा शेठ गाडीतून उतरता उतरता माझं ते रूप बघून धावत आले आणि पाणी मागवू लागले. "काय झालंय याला?"

"काय नाय शेठ, दम वाढवतोय," ती शांतपणे म्हणाली. "गिऱ्हाईक बोलायला देतो किती वेळ? एक दम. त्याच्यात काय ते बोलायचं."

तिची दुसरी शिकवण म्हणजे तोंडाकडे बघायचं नाही. तुम्ही कबड्डी बघितली असेल तर कोपऱ्यातला खेळाडू कसा वाकून, चढाईला आलेल्याच्या पायांवर डोळे लावून उभा असतो, ते आठवत असेल. ती गिऱ्हाइकाकडे तसंच बघायची. "तोंड खोटं बोलतं," ती म्हणायची. "पाय बोलत नाय. तोंडाने 'छान छान' करेल आणि पाय दरवाजाकडे वळलेले असतील. समजायचं, गडी निघाला." त्या काळात मी इतकी माणसं गुडघ्यांखाली बघितली की एकदा बाजारात एका ओळखीच्या अधिकाऱ्याला मी चपलेवरून नमस्कार केला आणि मग वर बघितलं.

आमची पहिली जोडीची भेट रबाळ्याच्या एका कारखान्यात झाली. तिथल्या अधिकाऱ्याने सॅम्पल उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे, विचार करून कळवतो." मी लगेच "थँक्यू सर" म्हणत उठलो. उठलो, पण पूर्ण नाही. मागून माझा शर्ट कुणीतरी धरला होता. मी परत खुर्चीत आलो. कॅप्टन समोर बघून हसत होती, तिचा डावा हात माझ्या पाठीशी होता. ती काहीच बोलली नाही. मीही बोलू शकत नव्हतो, गळ्याशी कॉलर आवळली होती. असं मिनिटभर गेलं असेल. शेवटी तो अधिकारीच अवघडला आणि म्हणाला, "बरं, पन्नास जोड पाठवून बघा आधी."

बाहेर आल्यावर ती माझ्यावर उखडली. "तो रेषेला हात लावायला चाललाय आणि तू त्याला थँक्यू बोलतोस? साखळी म्हणजे काय? एकाने उठायचं नाय, दुसरा बसलेला असताना!"

नकाराचं मात्र तिला काही वाटायचं नाही, आणि याचं मला फार नवल वाटे. मला कुणी 'नको' म्हटलं की दोन दिवस जेवण गोड लागत नसे. एकदा एका दिवसात आम्हाला सहा ठिकाणी नकार मिळाला. मी सानपाड्याच्या पुलाखाली उसाचा रस पीत मान खाली घालून उभा होतो. तिने विचारलं, "रडतोस काय?"

"सगळे नाहीच म्हणतात, कॅप्टन."

"मग? समोर सात जन उभी असतात. सातही जन नाय बोलायलाच उभी असतात. म्हणून चढाई कोन सोडतं का?" मग म्हणाली, "सहाच झाले. एक राहिलाय. चल, रस संपव."

सातव्यानेही नाही म्हटलं. ती फार हसली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. द्रोणागिरीला बंदराच्या वाटेवर ओळीने मोठमोठी गोदामं आहेत. त्यातल्या एका गोदामाची चारशे जोडांची ऑर्डर तिने तीन महिने मागे लागून आणली. आणि साइझचा कागद भरायचं काम विश्वासाने माझ्याकडे दिलं. चौदा वर्षं चलनं लिहिलेला माणूस मी! मी सात नंबरच्या रकान्यात दहाचा आकडा लिहिला आणि दहाच्या रकान्यात सातचा. त्यांना सात नंबरचे दोनशे चाळीस जोड हवे होते आणि दहाचे वीस. गेले उलटे.

गोदामातून फोन आला तो ओरडण्याचा होता. सात नंबरच्या पायाची माणसं दहाचे बूट घालून होड्यांतून चालल्यासारखी गोदामभर फिरत होती म्हणे. आमचे पैसे अडकले, बूट परत आले, आणि त्या नंबरचे एवढे बूट आमच्या दुकानदारांपैकी कुणी घेईना. शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

मी खरं सांगतो, मला वाटलं होतं ती काहीतरी सांभाळून घेईल. आमच्या दोघांचंही लक्ष नव्हतं, घाई होती, असं काहीतरी. शेठनी विचारलं, "कुणी केलं हे?" आणि ती तत्काळ म्हणाली, "याने. चूक याचीच हाय. बाद हाय तो."

 शेठ म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"थांबा शेठ," ती म्हणाली. "मी बाद बोलली. घरी पाठवा नाय बोलली. बाद झालेला गडी बाकावर बसतो. त्यांचा एक धरला की आपला एक जिवंत होतो. नियम हाय."

"ही कंपनी आहे, कबड्डीचं मैदान नाही!"

"तुमीच बोललात ना खेळाडू पाहिजेत म्हणून?"

 शेठनी आठ दिवस दिले. दहा नंबरचे दोनशे वीस जोड विकले गेले तर मी राहणार, नाहीतर जाणार.

आणि तिने मला खरोखरच बाकावर बसवलं. पाण्याच्या कूलरशेजारी एक लाकडी बाक होता, त्यावर. फोन नाही, फाइल नाही. येणारा-जाणारा पाणी पिता पिता विचारायचा, "काय, कुणाची वाट बघताय?" मी काय सांगणार? घरी बायकोलाही काही बोललो नव्हतो. डब्यात ती रोज काहीतरी आवडीचं द्यायची आणि ते मी शिपायाला देऊन टाकायचो.

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला म्हटलं, "मला बरोबर न्या. निदान पिशवी तरी उचलतो."

तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी त्या बाकावर बसली. गुडघा चोळत म्हणाली, "माझा शेवटचा सामना माहीत हाय? तिसऱ्या मिनिटाला गुडघा गेला. बाकी पूर्ण वेळ बाकावर. आधी रडली. मग बघितलं तर बाकावरून सगळं दिसतं. आतमधी असताना फक्त समोरचे पाय दिसतात. बाकावरून कोन दमलाय, कोन हात सोडतोय, सगळं. मी तिथून ओरडत राहिली. आवाज बसला, पन सामना काढला पोरींनी." मग उठली. "तू पन बघ. रडू नको, बघ."

मग मी बघायला लागलो. चौदा वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. आमच्याकडे गिऱ्हाइकांचे फोन दुपारी दोन ते तीन कुणी उचलत नाही. तक्रारीचे कागद ज्या ट्रेमध्ये पडतात त्यावर कुणीतरी पोळ्यांचा डबा ठेवतो. मी ते सगळं एका कागदाच्या मागे लिहीत गेलो.

पाचव्या दिवशी दुपारी ती आली ती थेट बाकापाशी, आणि माझ्या पाठीत असा दणका दिला की कूलरचा ग्लास खाली पडला. "ऊठ! पकड झाली. जिवंत झालास!"

झालं होतं असं. ती माफी मागायला द्रोणागिरीला परत गेली होती. गोदामाच्या फाटकापाशी नेहमीसारखी वाकली. वाकल्यावर तिच्या डोळ्यांसमोर आला तिथल्या वॉचमनचा बूट. पुढून कापलेला, आणि अंगठा बाहेर. तिने विचारलं. तो म्हणाला, सिक्युरिटी एजन्सीवाले उंच माणसं बघून भरती करतात आणि बूट देतात आठ-नऊचे. दहाचे मिळतच नाहीत, म्हणून सगळेच पुढून कापतात. एजन्सी कुठली? दिघ्याची. ही तिथून दिघ्याला गेली. एजन्सीच्या मालकासमोर बसली आणि त्याने दोनदा 'विचार करतो' म्हटलं तरी उठली नाही. यावेळी शर्ट धरायला शेजारी कुणी नव्हतं. शेवटी दोनशे वीसच्या दोनशे वीस जोडांचा सौदा करूनच ती बाहेर आली.

पण एक अट होती, आणि ती तिने स्वतःच घातली होती. बूट पोचवायला मी जायचं आणि प्रत्येक माणसाच्या पायात स्वतः घालून बघायचं. दोन दिवस मी दिघ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसून उंच उंच माणसांच्या पायांत बूट घालत होतो. एक वयस्क वॉचमन बूट घालून चार पावलं चालला, परत आला आणि म्हणाला, "साहब, पहली बार पूरा पैर अंदर गया।" मी नाडी बांधायच्या निमित्ताने बराच वेळ मान वर केली नाही.

शेठनी मला ठेवलं. बाकावर लिहिलेला तो कागदही मी त्यांना दिला. त्यांनी तो वाचून सगळ्यात आधी पोळ्यांचा डबा कुणाचा ते विचारलं. डबा त्यांचाच होता.

यानंतर दोनेक वर्षांनी ती सोडून गेली. आमच्याहून पाचपट मोठ्या कंपनीने बोलावलं. शेठ फार दुखावले. "खेळाडू असून संघ सोडतेस?" ती म्हणाली, "शेठ, खेळाडूच संघ बदलतात. बाकीचे काय, नोकरी बदलतात." त्या दिवशी ते केबिनबाहेर आले नाहीत, पण ती निघाली तेव्हा स्कूटरवर त्यांनी पाठवलेला मिठाईचा खोका होता. मला तिने फक्त एवढं सांगितलं, "आता समोर दिसलास तर सोडणार नाय."

आणि सोडलं नाही. पहिल्या चार महिन्यांत तिने माझी तीन गिऱ्हाइकं नेली. तिसऱ्या वेळी तर मी लिफ्टमधून वर जात होतो आणि ती जिन्याने उतरत होती. काचेतून तिने मला हात केला. मीही केला. वर पोचलो तेव्हा कळलं की हात कशाचा होता.

शेवटची गाठ द्रोणागिरीलाच पडली. त्याच गोदामाने वर्षभराच्या बुटांसाठी आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. बाहेरच्या सोफ्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिने माझ्या डब्यातली अर्धी थालीपीठं खाल्ली. आत आधी ती गेली, मग मी. खरेदी अधिकारी त्या उलट्या बुटांच्या वेळचेच होते. मी त्यांना म्हटलं, "साहेब, तो साइझचा घोळ मी केला होता. आता मी प्रत्येक माणसाचा पाय स्वतः मापून देतो. दिघ्याला विचारा." मग गप्प बसलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पेनाचं टोपण लावलं, काढलं. मी गप्पच. ऑर्डर मला मिळाली.

बाहेर आलो तर ती फाटकाशी स्कूटरला किक मारत होती. स्कूटर सुरू होत नव्हती आणि गुडघ्यामुळे तिला जोराने किकही मारता येत नव्हती. मी म्हटलं, "मिळाली."

"कळलं. चेहरा बघितला तुझा." पहिल्यांदाच तोंडाकडे बघून बोलली. मग म्हणाली, "आता मला ढकल."

मी माझ्या मोटरसायकलवर बसलो, उजवा पाय तिच्या स्कूटरच्या मागच्या फूटरेस्टला लावला आणि आम्ही निघालो. ती पुढे हँडल धरून, मी मागून रेटत. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर धडधडत जात होते. ती मान अर्धी वळवून काहीतरी सांगत होती. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण माझ्या मनात आलं, आज मी तिच्याकडून पहिली ऑर्डर काढली आहे, त्याबद्दलच काहीतरी सांगत असणार. मी आपला "हो, हो" म्हणत मान हलवत होतो. थोड्या वेळाने ती बोलायची थांबली आणि समोर बघून निवांत बसली.

जासईपाशी एक गॅरेज दिसलं तेव्हा आम्ही थांबलो. माझा पाय बधिर झाला होता. पुढच्या महिन्यात कंपनी तिला नाशिकला पाठवणार होती, ते तिने तिथेच सांगितलं. मी विचारलं, "मघाशी काय सांगत होतात? मला काही ऐकू आलं नाही."

"डावीकडं गॅरेज हाय, डावीकडं गॅरेज हाय, असं ओरडत होती. दोन गॅरेज गेली मागं."

"अहो, मग ब्रेक दाबायचा ना!"

"दाबनार होती," ती म्हणाली. "पन बरं चाललं होतं."